पिवळ्या भिंतीचा पंचनामा

माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर काय लिहिलं जाणार आहे, हे सगळ्या उदगीरला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या मला. कुणी म्हणे नीटचे क्लास, कुणी म्हणे मूळव्याधीचा दवाखाना. पानपट्टीवर तर पक्की खबर होती, की मी कॉलेजातली हेडक्लार्की सोडून ट्रॅक्टरची एजन्सी घेतो आहे.

यात लोकांची चूक नव्हती. आमचं घर स्टेशनकडून मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. भिंत रेल्वेच्या डब्यासारखी लांब, पुरुषभर उंच, आणि तिला झाकायला समोर एक लिंबाचं झाडसुद्धा नाही. अशी भिंत आमच्याकडं फार दिवस उघडी राहत नाही. आधी पेंटर येतो, सबंध भिंतीला एका रंगाचा हात मारतो. त्याला म्हणायचं ग्राउंड. ग्राउंड वाळलं की त्यावर अक्षरं येतात. आमच्या गावातली निम्मी लेकरं शाळेच्या आधी भिंतीवर वाचायला शिकली; म्हणून तर पहिलीतल्या पोराला 'कमळ' येत नाही, पण 'खात्रीशीर इलाज' अस्खलित येतो. तेव्हा भिंत रंगली म्हणजे अक्षरं येणार, यात शंका घ्यायचं कुणाला कारणच नव्हतं.

आणि माझ्या भिंतीवर अक्षरं येत नव्हती.

झालं असं, की आमची आरती लातूरला चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. परीक्षेसाठी एक मोठं काम उघड्यावर करायचं आणि मास्तर मंडळी रविवारी जागेवर येऊन ते बघणार, असा नियम. पोरगी भाकरी मोडता मोडता म्हणाली, "बाबा, आपली भिंत द्याल?"

मी कर्णाच्या थाटात म्हणालो, "भिंत काय, गच्ची घे!"

माझ्या डोळ्यांसमोर तेव्हाच चित्र तयार झालं होतं. मध्ये उदगीरचा किल्ला, एका बुरुजावर मोर, खाली बैलगाडी, गाडीत फेटेवाला शेतकरी, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'कु. आरती वैजनाथ बिरादार'. ऑफिसात मी सगळ्यांना सांगून टाकलं, की येत्या आठवड्यात आमच्याकडं मोर बघायला या.

आरतीनं पहिल्या दिवशी पेंटरला हाताशी घेऊन वरचा सगळा भाग पिवळा केला. मी म्हणालो, आभाळ असेल, पहाटेचं. दुसऱ्या दिवशी खालचा भाग तांबडा केला. मी म्हणालो, जमीन. आता बैलगाडी येणार. तिसऱ्या दिवशी तिनं पिवळ्यावर पुन्हा पिवळा लावला.

"अहो," सिंधु, म्हणजे आमची सौभाग्यवती, खिडकीतून म्हणाली, "मोराला बसायला कुठं जागा ठेवलीय, ते विचारून घ्या लेकीला. शेपूट फार लांब असतं त्याचं."

मी विचारलं. आरती रंगाच्या डब्यात पाणी घालत होती. रंग असा पातळ करायचा, की लावला तर दिसू नये, न लावला तर चुकल्यासारखं व्हावं. म्हणाली, "मोर न्हाई बाबा. एवढंच आहे."

"एवढंच म्हणजे?"

"वर पिवळा. खाली तांबडा."

"आणि मधी?"

"मधी ते एकमेकांत जातात."

मी बाप आहे. बापानं अशा वेळी समजल्यासारखी मान हलवायची असते. मी हलवली. तिला काय ते कळलं असणार, ती हसली, हाताचा पिवळा अंगठा कपाळाला पुसला आणि म्हणाली, "बाबा, कशासारखं आहे ते शोधू नका. नुसतं बघा. जेवताना कसं, गोड लागलं की गोड. कशासारखं गोड, असं विचारता का?"

मी विचारतो. मागच्या दिवाळीला मी सिंधुच्या अनारशांना विचारलं होतं आणि त्याचा परिणाम भोगला होता. पण ते असो.

खरं सांगायचं, तर सकाळी दूध आणायला जाताना ती भिंत बघून मला काहीतरी व्हायचं. ऊन कोवळं असलं की पिवळा रंग भिंतीतून वर यायचा, जणू आतून कुणी कंदील धरलाय. दुपारी तो दाटायचा. दिवेलागणीला तांबडा असा खोल व्हायचा, की वाटे विहिरीच्या काठाशी उभे आहोत. पण हे कुणाला सांगणार? हेडक्लार्कनं भिंतीपुढं दुधाची किटली घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही. कुणी आलं की मी वाकून चपलेचा अंगठा नीट करायचो.

येणारे थोडे नव्हते. सगळ्यांत आधी आले हणमंतराव. हे आमचे शेजारी, निवृत्त तलाठी. उभा जन्म लोकांचे बांध मोजण्यात गेलेला. ते भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात मागं बांधून चालले, परत आले आणि पिवळा जिथं तांबड्यात मिसळतो तिथं छत्रीचं टोक टेकवलं.

"वैजनाथ, हद्द कुठाय?"

"कसली हद्द?"

"वरचा गट पिवळा. खालचा गट तांबडा. बांध कुठाय? हितं बघितलं तर वाटतं वीतभर वर हाय, तिथं बघितलं तर खाली. असल्या दिसण्यानंच भाऊबंदकी होती, सांगून ठेवतो. दोरी धर, सरळ रेघ मार, मोकळा हो."

मी सांगितलं, ते मुद्दामच तसं आहे. हणमंतरावांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जसं त्यांनी बांध कोरणाऱ्या माणसाकडं नोकरीभर बघितलं असेल. त्या दिवसापासून ते रोज यायचे आणि बांध कालच्या जागेवर आहे का, ते तपासून जायचे.

मग मल्लम्मा. ही पलीकडच्या घरातली म्हातारी, माहेर कर्नाटकातलं, बोलणं दोन्हीकडचं. तिला कमी दिसतं, म्हणून ती भिंतीला नाक लावून बघते. "अय्यो शिवा! वैजू, केवढा शालू वाळत घातलाय रे!" म्हणाली आणि तिथंच उभ्या उभ्या ओवी जुळवली:

"पिवळी पिवळी भिंत, तिला तांबडा पदर,
वैजूच्या लेकीला गं, नको लागू दे नजर."

ही ओवी दोन दिवसांत गल्लीभर झाली. नजर लागू नये म्हणून कुणीतरी भिंतीला लिंबू-मिरची बांधायला निघालं होतं. आरतीनं हात जोडले, तेव्हा ते गेटवर आलं.

तिसरी सबिहा. समोर तिचं फॉल-पिकोचं आणि मॅचिंगचं दुकान. ती हातात ब्लाऊजपीसची चळत घेऊन भिंतीपाशी आली. एकेक तुकडा लावून बघितला आणि हरली. "भाभी," ती सिंधुला म्हणाली, "हे पिवळं माझ्या दुकानात न्हाई. हैदराबादलाबी नसंल. पिकलेला आंबा कापला ना, गुठलीच्या जवळचा जो रंग, वो है ये. बघून तोंडाला पाणी सुटतंय." मग गिऱ्हाईक पाठवायला लागली: जा, समोरच्या भिंतीला लावून बघ, मग साडी घे.

पण सगळ्यांत वाईट अवस्था झाली सबिहाच्या नवऱ्याची, निजामोद्दीन पेंटरची. पहिले हात त्यानंच मारले होते, वरच्या कडेसाठी उभं राहायला बांबू-फळ्यांचा पाड त्यानंच बांधला होता. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. 'मेडिकल'मधल्या 'मे'ची मात्रा तो अशी फेकतो, की आजाऱ्याला दुरूनच धीर यावा. आता रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण त्याला विचारू लागला, "काय निजामभाई, ग्राउंड मारून पळाले काय? अक्षरं कधी?"

एका संध्याकाळी तो माझ्याकडं आला. डोळे लाल.

"साब, मेरी इज्जत का सवाल है. लोक बोलून राहिले, निजामचा हात गेला. कायतरी लिहू द्या. 'सुस्वागतम' लिहू द्या. न्हाई तर नुसता 'श्री' काढतो, वर कोपऱ्यात. बेटी को समजाव ना."

"निजामभाई, तिच्या परीक्षेचं आहे. रविवारपर्यंत त्यावर टिंबसुद्धा पडता कामा नये."

"टिंब बी नक्को?" तो भिंतीकडं बघत म्हणाला. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. भरल्या ताटावरून उठवलेल्या माणसाचा आवाज.

इतकं सगळं मी सोसलं असतं. ऑफिसातले सहकारी मोर बघायला येऊन, माझ्या पाठीवर थोपटून, चहा पिऊन गेले तेही सोसलं. पण त्याच सुमाराला नगरपालिकेची निवडणूक लागली.

आमच्या वॉर्डात दोन उमेदवार तगडे. एक दादा, एक अण्णा. दादांचा माणूस मोटारसायकलवर आला, भिंत बघून ब्रेक मारला. "काका, अण्णांनी बुक केली का?" मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, "मग ग्राउंड कोणाचं?" मी म्हणालो, माझ्या मुलीचं. तो म्हणाला, "ती कोणाकडून उभी हाय?" तासाभरानं अण्णांचा माणूस आला. त्याला खात्री होती, की भिंत दादांची. मी दोघांना शपथेवर सांगितलं, की यावर काहीही लिहायचं नाही. मराठवाड्यात निवडणुकीच्या दिवसांत रस्त्यावरची रंगवलेली भिंत कोरी ठेवतो म्हणणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? दोघांनीही एकमेकांविरुद्ध तक्रार केली. आयुष्यात पहिल्यांदा दादा आणि अण्णा यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट माझी भिंत होती.

शनिवारी दुपार कलताना आचारसंहितेचं पथक आलं. जीप, दोन मजूर, एक लांब दांड्याचा ब्रश आणि चुन्यानं भरलेली बादली. पथकप्रमुख ग्यानोबा केंद्रे. मूळचे कृषी खात्यातले; निवडणूक लागली की बिचाऱ्यांना पिकांवरून उठवून भिंतींवर पाठवतात. दिवसभरात शहरातल्या कितीतरी भिंती त्यांनी पांढऱ्या केल्या असाव्यात. भुवयांवरसुद्धा चुना होता.

"बिरादार साहेब, ही जाहिरात झाकावी लागती."

"साहेब, जाहिरात कुठाय? एक अक्षर दाखवा."

"आज न्हाई. रात्रीतून येतील. तयारी दिसून राहिली ना."

"तयारी नाही हो. हे पूर्ण झालेलं आहे!"

केंद्रे साहेबांनी भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या नजरेत राग नव्हता, काळजी होती.

मी सगळं सांगितलं. उद्या सकाळी लातूरहून मास्तर येणार, पोरीचं वर्ष या भिंतीवर आहे. आज चुना लागला, तर उद्या त्यांना पांढरी भिंत दाखवायची काय? केंद्रे साहेब माणूस भला. डोकं खाजवून म्हणाले, "असं करा. भिंतीवर काहीही न्हाई, असा पंचनामा करू. गल्लीतल्या चार पंचांनी सही केली, की मी मोकळा आणि तुम्हीबी. न केली, तर मला चुना मारल्याबिगर जाता यायचं न्हाई. वरून दोन-दोन तक्रारी हायत."

माझा जीव भांड्यात पडला. एवढंच ना? गेले कित्येक दिवस ही गल्ली दुसरं बोलतच काय होती? काही नाही भिंतीवर, काही नाही! मी हाक मारायच्या आधीच चौघं हजर होते.

"हणमंतराव, करा सही. भिंतीवर काहीही नाही."

हणमंतरावांनी चष्मा लावला, कागद वाचला, चष्मा काढला. "काहीही न्हाई कसं? दोन गट हायत. हद्द वादातली हाय. वादातली हद्द असताना कोरं म्हणून सही केली, तर उद्या कोर्टात कोण उभं राहणार?"

"मल्लम्मा, अंगठा दे गं."

"शिवा शिवा! एवढा पदर दिसतोय तांबडाजर्द. न्हाई म्हणू? म्या खोटं बोलत नसते, वैजू."

"सबिहा, तू तरी—"

"भाईसाब, काही न्हाई म्हटलं तर मेरे गिऱ्हाईक मेरेकू क्या बोलेंगे? आंबा है ना वो. पिकलेला."

"आंबा?" केंद्रे साहेब सावध झाले. त्यांनी जीपमधून चिन्हांचा कागद मागवला, त्यावर बोट फिरवलं आणि उसासा टाकला. "आंबा हाय. तीन नंबरचा अपक्ष."

राहता राहिला निजाम. मी त्याच्याकडं अशा आशेनं बघितलं, जसा बुडणारा माणूस काठाकडं बघतो. त्यानंच तर अक्षरासाठी माझे पाय धरले होते.

"निजामभाई, तुम्हाला तर माहितीय. कोरी आहे ना? नुसतं ग्राउंड आहे ना?"

निजामनं मान खाली घातली. "पहले था, साब. नंतर बेटीने इतके हात मारले, इतके पतले पतले... परवा मी 'श्री' काढाया आलतो, चोरून. ब्रश हातात. कुठं ठेवू? जागाच न्हाई. भरलंय हो सगळं." आणि तो मागं सरकला.

मजुरांनी ब्रश बादलीत बुडवला. मग माझं डोकंच फिरलं. मी भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिलो आणि ओरडलो, "अरे, वेड लागलंय का सगळ्यांना? आंबा नाही, पदर नाही, बांध नाही! त्यात काही नाही! काहीही नाही!"

तेवढ्यात मला गेट दिसलं. गेटात आरती उभी होती. मागच्या नळावर ब्रश धूत असलेली, गडबड ऐकून आलेली. ओल्या ब्रशातून तांबडं पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं. लहानपणी पडली की आधी माझ्याकडं बघायची, रडायचं की नाही ते ठरवायला. तसं बघत होती.

माझे हात आपोआप खाली आले. मी वळलो. भिंत माझ्या नाकापुढं होती, मल्लम्मा बघते इतक्या जवळून. पिवळ्याच्या आत दुसरा पिवळा होता, त्याच्या आत आणखी एक. कुठून सुरू झाला ते दिसत नव्हतं.

"केंद्रे साहेब," मी म्हणालो. "काही नाही असं लिहू नका. मी चुकीचं बोललो. पिवळा आहे. बघा की. पिवळाच आहे, पण केवढा आहे."

"आं?"

"इकडं या. इथं उभे राहा, माझ्या जागेवर. कशासारखं, ते शोधू नका. नुसता पिवळा बघा."

केंद्रे साहेब आले, कारण वेड्या माणसाच्या कलानं घ्यावं असं त्यांना वाटलं असणार. भिंतीपुढं उभे राहिले. बराच वेळ बघितलं. बघता बघता त्यांनी पेन टोपणात घातलं.

"करडई फुलल्यावर असं होतंय," ते हळूच म्हणाले. "तोंडावर उजेड येतो." मग एकदम सावरून, "पण हे पंचनाम्यात कसं बसवू?"

"आहे ते लिहा. वर पिवळा रंग आहे."

"हाव. आणि खाली?"

"तांबडा."

"मधी?"

"मधी वाद आहे!" हणमंतराव गरजले.

"वाद नाही काका," आरती पुढं आली. रडू गिळून बोलत होती, पण हसतही होती. "मधी दोघंही आहेत. कुणी कुणाची जागा घेतली न्हाई."

हणमंतरावांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. त्या पट्ट्याकडं बघितलं. नोकरीभर ज्यांच्यासमोर भाऊ भावाच्या अंगावर धावून गेले, त्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "मग सामाईक लिहा ना," ते म्हणाले. "सामाईकला माझी हरकत न्हाई."

केंद्रे साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून नव्यानं पंचनामा लिहिला: 'सदर भिंतीवर वर पिवळा रंग आहे, खाली तांबडा रंग आहे, मधला पट्टा दोघांचा सामाईक आहे. अन्य मजकूर नाही.' वाचून दाखवला. सबिहा म्हणाली, ये ठीक है, खोटं कायच न्हाई. हणमंतरावांनी तारखेसकट सही केली. निजामनं केली. मल्लम्माला शाईचं पॅड मिळेना, तर तिनं आरतीच्या ब्रशावर अंगठा टेकवला आणि कागदावर तांबडाजर्द उमटवला.

मजुरांनी बादली उचलून जीपमध्ये ठेवली. सिंधु चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली, कारण दिवेलागण होत होती आणि तांबडा खोल व्हायला लागला होता. आरतीनं माझी बाही धरून मला रस्त्याच्या मध्यापर्यंत मागं ओढलं. "हितून बघा, बाबा." मी बघितलं. माझ्या बाजूला केंद्रे साहेब येऊन उभे राहिले, त्यांच्या बाजूला मजूर, मग निजाम, सबिहा, हणमंतराव, आणि मल्लम्मा सगळ्यांच्या पुढं, नाकासकट. मागं एक ऑटो थांबला होता, पण हॉर्न वाजवत नव्हता.

चहा निवत होता. आमच्या गल्लीत इतकी माणसं एका जागी जमली होती आणि कुणीही कुणाला सल्ला देत नव्हतं.